सत्तावीस नंबरचा ओव्हर

नागपूर, ९ नोव्हेंबर

यमुताई,

नमस्कार नंतर. आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. नत्थूजींना कुशीवर कोणी वळवलं?

तुमच्या समितीच्या अहवालाचा मसुदा माझ्या हाती आला आहे. कसा आला ते विचारू नका. सरकारी हॉस्पिटलांत नर्सेसची किती पदं असावीत याचा नवा आकृतिबंध तुम्ही लोक ठरवताय, आणि त्यात आपल्या हॉस्पिटलबद्दल हे लिहिलं आहे: 'ऑगस्टमधील परिचारिकांच्या संपकाळात पुरुष मेडिसिन वॉर्डातील खाट क्रमांक सत्तावीसवरील अर्धांगवायूचा रुग्ण कोणत्याही परिचारिकेच्या मदतीविना, केवळ नातेवाईक व सफाई कर्मचाऱ्यांच्या साहाय्याने, पाठीवर एकही जखम न होता बरा होऊन घरी गेला. यावरून मंजूर पदांपैकी काही पदे कमी करण्यास वाव असल्याचे दिसते.'

वाव! पन्नास खाटांच्या वॉर्डात रात्री एक सिस्टर असते, तिला लघवीला जायला वाव नसतो, आणि यांना पदं कमी करायला वाव दिसतो.

हे वाक्य लिहिणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी अर्धं शरीर लुळं पडलेला माणूस वळवला आहे का? दर दोन तासांनी वळवावं लागतं. चादरीला एक सुरकुती राहिली तरी कातडी लाल होते, लाल झालेली उद्या फुटते आणि परवा हाड दिसतं. नत्थूजी उमरेडचे, हातमागावर आयुष्य गेलेले, अंगाने चांगले दणकट. त्यांच्याजवळ होती फक्त त्यांची बायको रुख्माबाई, आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये. संपाच्या आदल्या दिवशी मीच तिच्या गळ्यातली झोळी नीट बांधून दिली होती. ती बाई एका हाताने नवऱ्याला कुशीवर वळवत होती, असं तुमच्या समितीचं म्हणणं आहे का?

तुमच्या समितीचं, असं मी मुद्दाम म्हणते. नऊ सदस्यांत एकही नर्स नाही. तुम्ही दहाव्या, 'विशेष निमंत्रित'. निमंत्रिताला चहा मिळतो, मत मिळत नाही. नर्सेसचं भवितव्य ठरवायला निवृत्त सनदी अधिकारी चालतात, हिशेब तपासनीस चालतात, इमारती बांधणारा इंजिनिअरसुद्धा चालतो. नर्स मात्र भिंतीकडच्या खुर्चीवर. दर मे महिन्यात आपल्या हातात मेणबत्ती देऊन जिच्या नावाने शपथ घेववतात, ती नाइटिंगेलबाई रात्री दिवा घेऊन फिरायची एवढंच हे लोक सांगतात. दिवसा ती आकडे मांडायची आणि लष्करातल्या मोठ्यामोठ्यांना घाम फोडायची, हे भाषणात कुणी सांगत नाही. दिवा धरणारी बाई सगळ्यांना आवडते. आकडे धरणारी नको असते.

संपाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही पेपरात म्हणालात, 'रुग्णाच्या पाठीवर पाय देऊन मागण्या मागू नयेत.' मी त्याच संध्याकाळी हॉस्पिटलसमोरच्या चौकातल्या मंडपातून उत्तर दिलं, 'यमुताईंना भिंतीकडची एक खुर्ची मिळाली आणि तेवढ्यात त्या जन्माची ड्युटी विसरल्या.' टाळ्या पडल्या. ते वाक्य मी मागे घेत नाही. तुम्हीही तुमचं घेऊ नका, आपण दोघीही तशा बायका नाही. पण संप मिटल्यावर तुम्ही हुडकेश्वरच्या घराला कुलूप लावून ठाण्याला संजीवकडे निघून गेलात आणि मला तुमच्या शेजारणीकडून कळलं, याचा राग माझा आहे आणि तो मी ठेवणार आहे. फोन केला की संजीवच म्हणतो, 'आई झोपली आहे.' यमुताई दिवसा झोपतात यावर मी विश्वास ठेवू का?

म्हणून पत्र. माझ्या पहिल्या ड्युटीच्या दिवशी तुम्ही एका शिंप्याला झापत होतात, 'गिऱ्हाइकाची शिलाई उसवली तर तुम्हाले चालते का गा? मंग पोटाचे टाके काहून ओढता?' तो गडी हसत हसत गप्प पडून राहिला. प्रत्येक रुग्णाला त्याच्या धंद्यावरून रागवायचं, ही तुमची रीत. तेव्हाच मी ठरवलं होतं की मला ही बाई व्हायचं आहे.

तर त्या बाईला मी सांगते, समितीत उभ्या राहा आणि म्हणा की हे वाक्य खोटं आहे.

कामिनी

नागपूर, १८ नोव्हेंबर

यमुताई,

तुमचं कार्ड मिळालं. तीन ओळी. 'तुम्ही सगळ्या बाहेर होता म्हणतेस. मग आत काय झालं ते तुला कसं माहीत? आधी आपल्या बायकांना विचार.'

वाचून मी कार्ड टेबलावर आपटलं. माझ्या बायकांना काय विचारायचं? अतिदक्षता, बाळंतीण आणि अपघात विभाग चालू ठेवायचा, हे आम्ही ठरवून, सांगून केलं होतं. बाकी वॉर्डांबद्दल मी मंडपात माईक हातात घेऊन म्हटलं होतं, 'आत एकही सिस्टर दिसणार नाही!' आणि दिसलीही नाही.

तरी विचारलं. रविवारी संघटनेच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं, मसुद्यातला उतारा मोठ्याने वाचला आणि म्हटलं, कुणी आत गेलं होतं का?

मग सर्जिकलची वच्छला, तीच, जिची सेवा माझ्याहून जास्त आणि जीभ त्या सेवेहून लांब, ती पदर सारखा करत म्हणाली, "मी त फक्त पाहाले गेलती."

"काय पाहाले?"

"माह्या अकरा नंबरची पिशवी. ते शिकाऊ पोट्टे लघवीची पिशवी बदलतात का वं कधी? भरून फुगली असन म्हनलं."

"आणि?"

"आणि फुगलीच होती. मंग काय, पाहून वापस येऊ?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि मग, यमुताई, बांध फुटला. एकीने सांगितलं, ती भेटायच्या वेळेत नातेवाइकाचा पास घेऊन जायची, डोक्यावरून ओढणी घेऊन. दुसरी म्हणाली, "अवं, ते हिरव्या ओढणीवाली तू होतीस? मी समजली पेशंटची वहिनी हाये. तुले पाहून मी पडद्यामागं लपली!" प्रत्येकीच्या हातात डबा, डब्यात वर पोळी आणि खाली ड्रेसिंगचं सामान. प्रत्येकीला वाटत होतं, संप मोडणारी आपण एकटीच. एकमेकींना चुकवत, एकमेकींपासून लपत, त्या सगळ्या जणी आत वॉर्ड चालवत होत्या. आणि संध्याकाळी मंडपात येऊन माझ्या भाषणाला टाळ्या वाजवत होत्या!

मी ओरडले. फार ओरडले. "संप म्हणजे काय वाटलं तुम्हाला? भातुकली? कापड गिरणीचा कामगार दिवसा संप करून रात्री चोरून माग चालवतो का?"

काजल कोपऱ्यात उभी होती. तुम्हाला ती माहीत नसेल, तुमच्या निवृत्तीनंतर आली. कंत्राटी, अकरा महिन्यांची ऑर्डर, पारशिवनीकडची पोरगी. ती म्हणाली, "मॅडम, माग बंद ठेवला त कापड सडत नाई."

बोलता बोलता मी खाली बसले. तुम्हाला माहीत आहे, असं माझं क्वचित होतं.

पण आता माझा राग कुठे वळला ते ऐका. आपण संप केला आणि संपातही काम केलं. काम केलं, पण लिहिलं नाही, कारण लिहिलं तर संप मोडल्याची सही झाली असती. तुम्ही आम्हाला हाताला सवय लावली होती की केलेलं काम आधी कागदावर उतरवायचं. पहिल्यांदाच आम्ही कागद कोरा ठेवला. आणि त्या कोऱ्या कागदावर बोट ठेवून सरकार म्हणतं, बघा, नर्सशिवाय चाललं! त्यांच्या कागदानुसार त्या दिवसांत रुग्णांनी स्वतःची पाठ स्वतः धुतली, स्वतःची सलाईन स्वतः बदलली आणि स्वतःचा ताप स्वतः मोजला. आपल्या मायेचा पुरावा आपल्याविरुद्ध वापरायचा, एवढी हुशारी या लोकांना औषधं वेळेवर पोचवताना का सुचत नाही?

आता माझ्यासमोर काय आहे ते समजून घ्या. अहवाल खोटा ठरवायचा तर या बायकांनी उभं राहून सांगावं लागेल की आम्ही आत होतो. म्हणजे संप नावालाच होता हे मला, त्यांच्या पुढारणीला, जाहीर ऐकून घ्यावं लागेल. तेही ऐकेन. पण काजलची ऑर्डर जानेवारीत संपते. खोट्या पासवर आत शिरले म्हटल्यावर तिला नवी ऑर्डर कोण देईल?

आणि एक गोष्ट उरतेच. अकरा नंबर वच्छलाचा, चौतीस काजलचा, एकेक करून सगळे हिशेबात आले. सत्तावीस कुणाचाच नाही. जी ती म्हणते, 'त्याची चादर कशी ताणलेली असायची, मी समजली तूच करतेस.' नत्थूजींना कोण वळवत होतं हे एकीलाही माहीत नाही.

तुम्ही म्हणालात, विचार. विचारलं. आता पुढे काय करू, तेही सांगा.

कामिनी

नागपूर, ३ डिसेंबर

यमुताई,

तुमचं दुसरं कार्ड पहिल्याहून लहान. 'समितीपुढे भाषण करू नकोस. ओव्हर द्या.'

काल समितीची सुनावणी झाली, इथे सिव्हिल लाइन्समध्ये, सरकारी विश्रामगृहात. अधिवेशनाची तयारी चालू आहे, सगळीकडे बांबू, कठडे आणि पोलिसांचे तंबू. आत नऊ खुर्च्या होत्या. दहावी नव्हती. मी कारकुनाला विचारलं, "यमुनाताई कुठे आहेत?" तो म्हणाला, "मॅडम, निमंत्रितांना बाहेरगावच्या बैठकीला बोलवत नसतो." नर्सेसचं म्हणणं ऐकायची बैठक, आणि समितीतल्या एकमेव नर्सला बोलावणंच नाही! लग्नाला नवरी सोडून सगळं वऱ्हाड हजर. आणि तुम्ही कार्डात हेही लिहिलं नाहीत. गिळून बसलात. याच गिळण्यावर हे लोक जगतात, यमुताई.

अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "एक प्रतिनिधी. पाच मिनिटं."

माझ्या पर्समध्ये भाषण होतं. चांगलं होतं हो. त्यात घटनेचा परिच्छेद होता, बाहेरच्या देशांनी आपल्या मुली नर्स म्हणून कशा नेल्या ते होतं, शेवटी सगळं सभागृह उठून उभं राहील असं वाक्य होतं. मी पर्स उघडलीच नाही. म्हटलं, "साहेब, आम्ही भाषण करणार नाही. ड्युटी संपताना एक सिस्टर दुसरीला खाटेखाटेपाशी उभं राहून रुग्ण सोपवते, त्याला आम्ही ओव्हर म्हणतो. ऑगस्टमधला ओव्हर द्यायचा राहिला आहे. तो घ्या."

त्यांना काही कळायच्या आत वच्छला पुढे झाली. रोज वॉर्डात उभी राहते तशीच, हात मागे. "अकरा नंबर. पोटाचं ऑपरेशन. पिशवी रोज बदलली. चौथ्या दिवशी ताप, डॉक्टरले फोन केला, गोळी बदलली. ताप उतरला. कोणी केलं, त मी."

मग दुसरी. मग तिसरी. सगळ्यांचा एकच सूर, ना वर ना खाली. मला माझ्या सगळ्या भाषणांची लाज वाटावी असा तो आवाज होता. नऊ माणसांतल्या एकालाही मध्ये बोलायचं धाडस होईना. तो इंजिनिअर तर पेन खाली ठेवून ऐकत होता. पाच मिनिटं केव्हाच उलटली. अध्यक्षांनी घड्याळ उचलून खिशात टाकलं.

काजलला मी आदल्या दिवशी सांगितलं होतं, तू येऊ नकोस. ती आली. "चौतीस नंबर. मधुमेह, पायाची जखम. ड्रेसिंग मी केलं. मी कंत्राटी आहे. माझं नाव लिहून घ्या, आडनावासहित." आणि आपलं आडनाव तिने इतक्या सावकाश सांगितलं की कारकुनाला चूक करायला जागाच उरली नाही.

मी दाराशी उभी होते. मला वाटलं, जिंकलो.

मग अध्यक्षांनी चष्मा वर केला. माणूस हुशार आहे. "छान. आणि सत्तावीस?"

रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"आमच्या अहवालात उल्लेख सत्तावीसचा आहे. अकराचा नाही, चौतीसचा नाही. त्या रुग्णाची काळजी तुमच्यापैकी कुणी घेतली?" त्यांनी रांगेवरून नजर फिरवली. "कुणीच नाही. म्हणजे परिचारिकेविना तो राहिला, हे आमचं वाक्य बरोबरच आहे."

मी म्हटलं, "साहेब, पाठ आपोआप बरी राहत नाही."

ते म्हणाले, "मॅडम, मला भावना नकोत. माणूस आणा. अकरा तारखेला इथेच शेवटची बैठक आहे, त्यानंतर अहवाल जाईल."

बाहेर आल्यावर वच्छला म्हणाली, "एका खाटेसाठी साऱ्यायची मेहनत पाण्यात जाते का वं?" मी म्हटलं, हो, जाते. आपल्या धंद्यात एक खाट चुकली की सगळा ओव्हर चुकतो, हे यमुताईंनीच शिकवलं.

मी उमरेडला जाते आहे. माणूस आणते.

कामिनी

नागपूर, ७ डिसेंबर

यमुताई,

माणूस सापडला.

नत्थूजी आता काठी घेऊन अंगणापर्यंत येतात. बोलणं अजून जड आहे, पण हसतात. त्यांनी मला मागची खोली दाखवली, तिथे माग होता म्हणे. आता सोयाबीनची पोती आहेत. बरोबर आलेल्या वच्छलाने पोचताच त्यांचा सदरा वर करून पाठ पाहिली, तिला कोण अडवणार. पाठ लखलखीत.

रुख्माबाईंनी चहा ठेवला. मी विचारलं, "मावशी, दवाखान्यात यांना कुशीवर कोण करत होतं? तुमचा तर हात बांधलेला."

"कोन म्हन्जे? ते तुमची बाई."

"कोणती बाई?"

"पांढऱ्या केसाची. डब्बा घेऊन ये सकाळीच. मले वाटे दवाखान्यानंच पाठवली. संध्याकाळीबी ये. दुपारचं अन् रातचं मले शिकवलं तिनं, चादर कशी ओढाची अन् गुडघा कसा लावाचा. एका हातानं जमते म्हने, लावून त पाहा. अन् मधात कोनी पोऱ्या झाडू माराले आला की त्याले पकडे, धर म्हने इकून."

"नाव नाही सांगितलं?"

"नाई बाप्पा. आमी बी इचारलं नाई. पन यायले लई रागवे." रुख्माबाई नवऱ्याकडे बघून हसायला लागल्या. "म्हने, 'काहून गा नत्थूजी, धोटा एकाच बाजूले ठेवून कापड इनता येते का? इकून तिकून गेला त कापड होते. चला, वळा!' अन् हे वळेत."

नत्थूजींनी हात उचलून, मागावर आडवा धागा नेणारा तो धोटा फेकावा तसा केला, इकडून तिकडे.

वच्छलाने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. मी उठून अंगणात गेले.

रुग्णाला त्याच्या धंद्यावरून रागवणाऱ्या पांढऱ्या केसांच्या बायका नागपुरात किती आहेत, यमुताई?

मी रडले असं समजू नका. मी संतापले. अजून संतापलेली आहे. मंडपात मी तुमच्याबद्दल ते वाक्य बोलत होते, तेव्हा तुम्ही रस्त्यापलीकडे सत्तावीस नंबरची चादर ताणत होतात. बाहेरचा लाउडस्पीकर मेडिसिन वॉर्डात ऐकू जातो, मला माहीत आहे. तुम्ही ऐकलंत. आणि काम पुरं करून घरी गेलात. मग घराला कुलूप. समितीने तुमच्याच हातच्या कामाला 'परिचारिकेविना' म्हटलं, ते वाक्य तुमच्यादेखत वाचलं गेलं असेल, आणि तुम्ही भिंतीकडच्या खुर्चीवर गप्प! मला कार्डं पाठवता, 'आपल्या बायकांना विचार.' सगळ्या बायकांकडून वदवून घेतलंत. स्वतः मात्र तोंड मिटून.

का ते मला कळतं. तुमची नर्सिंग कौन्सिलची नोंदणी गेल्या वर्षी संपली. नूतनीकरणाचा कागद मीच आणून दिला होता, तेव्हा तुम्ही म्हणालात, 'आता कोणाची नाडी धराची आहे मले?' म्हणजे कायद्याने तुम्ही त्या दिवसांत नर्स नव्हता. समितीवर असताना, नोंदणी नसताना, नातेवाइकाच्या पासवर वॉर्डात शिरून रुग्णाला हात लावला. हे बाहेर आलं तर तुमचं नाव जाईल. जन्मभर एक डाग नसलेलं नाव आहे ते. काजलची ऑर्डर गेली तर ती तरुण आहे, दुसरं काही शोधेल. तुम्ही या वयात नाव कुठून आणणार?

हे सगळं कळूनही मी लिहिते आहे, कारण त्या पोरीने आपलं आडनाव सावकाश सांगितलं.

तुम्ही आला नाहीत तर मी अध्यक्षांना तुमचं नाव सांगणार नाही. रुख्माबाईंनाही तिथे उभं करणार नाही, हेही लिहून ठेवते. ओव्हर ज्याचा त्यानेच द्यायचा असतो. मग ते वाक्य अहवालात जाईल. पुढे दर बजेटला कुणीतरी बाबू ते वाचून दाखवेल की नागपूरला एक लुळा माणूस नर्सशिवाय बरा झाला होता. पंधरा वर्षांनी काजलच्या वयाची कुणी पोरगी पन्नास खाटांत एकटी पळत असेल, आणि तिला कळणारही नाही की ती तुमच्या गप्प बसण्याची किंमत चुकवते आहे.

एकदा मी नवीन असताना रिलीव्हर आली नाही म्हणून रडत होते, घरी जायचं होतं. तुम्ही म्हणालात, 'चार्ज दिल्याशिवाय पाय उचलायचा नाही. पडलीस तर खाटेपाशी पड.' मी पडले नाही. मी अजून उभी आहे.

गाडी संध्याकाळी आहे ठाण्याहून. दहा तारखेची.

कामिनी

नागपूर, १६ डिसेंबर

यमुताई,

आपला ओव्हर संपताच तुम्ही मागच्या दाराने रिक्षा करून स्टेशनवर गेलात. बैठक उठल्यावर मी पुढच्या दाराशी हार घेऊन तुमची वाट बघत राहिले. हार शेवटी वच्छलाने घातला, मला. म्हणाली, "कोनाच्या तरी गळ्यात पडू दे, फुलं सुकून राहिली."

तुम्ही गेल्यावर आत काय झालं ते सांगते, पण त्याआधी तुमचा ओव्हर कागदावर उतरवते.

तुम्ही आत आलात, तेव्हा अध्यक्षांनी स्वतः भिंतीकडे हात केला होता, "यमुनाताई, तुमची खुर्ची तिकडे." तुम्ही म्हणालात, "ओव्हर उभ्यानं देतात, साहेब." आणि आमच्या रांगेत येऊन उभ्या राहिलात, हात मागे. "सत्तावीस नंबर. नत्थूजी, उमरेड. उजवी बाजू लुळी. सकाळ-संध्याकाळ पाठ धुऊन कुशीवर मी केलं, दुपारचं-रात्रीचं त्यांच्या बायकोला शिकवलं. पाठ साफ." त्यांनी विचारलं, "नोंदणी आहे?" तुम्ही म्हणालात, "संपली आहे. तेही लिहून घ्या." पुढे एकच वाक्य, "नोंदणी नसलेली एक म्हातारी लागली, कारण नोंदणी असलेल्या तुम्ही पुरेशा ठेवल्याच नाहीत." आणि निघालात. मी तीस वर्षं भाषणं करते आहे, यमुताई. असं वाक्य मला सुचलेलं नाही.

तुमच्या मागे दार लागलं. मग तो इंजिनिअर म्हणाला, "तो उतारा काढावा लागेल, सर." अध्यक्षांनी पेन घेतलं आणि आडवी रेघ मारली. मी ती रेघ डोळ्यांनी पाहिली आहे.

आता बाकीचं. उतारा गेला, पण पदं आली नाहीत. नवी पदं 'विचाराधीन'. काजलची फाइल 'प्रलंबित'. आणि तुम्हाला समितीवरून कमी केल्याचं पत्र, खुलासा मागणाऱ्या नोटिशीसह, चारच दिवसांत निघालं. त्याची एक प्रत संघटनेलाही आली, आम्हाला धडा मिळावा म्हणून असेल. नर्स भरायला यांना वर्षं पुरत नाहीत. नर्सला काढायला चार दिवस जास्त होतात.

त्या नोटिशीला उत्तर तुम्ही लिहायचं नाही. आम्ही लिहितो आहोत. ऑगस्टमध्ये आत गेलेल्या प्रत्येकीची त्यावर सही आहे, खाट नंबरासहित. सर्वांत वर काजलने केली आहे. दहाव्या खुर्चीवर आता कोण बसणार असं त्यांनी विचारलं, तर आम्ही कळवलं आहे की निमंत्रित म्हणून कुणीही येणार नाही. मत असेल तर येऊ, आणि टेबलाजवळ बसू.

मंडपातलं माझं ते वाक्य तेवढं अजून तसंच आहे. ते मागे घ्यायला पत्र पुरणार नाही. त्याला लाउडस्पीकर लागेल, चौक तोच. गुरुवारी मोर्चा आहे.

आणि हुडकेश्वरची किल्ली शेजारणीकडून मी घेतली आहे. घर झाडलं. मोरीचा नळ गळत होता, तो बदलून घेतला.

ओव्हर मिळाला, यमुताई. सत्तावीस नंबर, पाठ साफ. चार्ज मी घेतला. तुमची ड्युटी संपली, आता घरी या.

कामिनी